मेंढपाळ पारखताना



संयोजकांनी मला विषय दिला आहे, आध्यात्मिक पुढारी कसा निवडावा. या विषयावर आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा पाळकांबद्दल बोलतो. पाळक असा असावा, तसा नसावा. आज मला निवडणाऱ्यांबद्दल बोलायचं आहे, म्हणजे तुमच्याबद्दल आणि माझ्याबद्दल. कळप भरकटला तर मेंढपाळाला जाब विचारतात, आणि विचारायलाच हवा. पण मेंढपाळच चुकीचा निघाला तर जाब कुणाला विचारायचा? त्याला आणलं कुणी? त्याच्या गळ्यात हार कुणी घातला? त्याच्याविषयी चार गोष्टी कानावर आल्या तेव्हा ‘जाऊ द्या, देवाचा माणूस आहे’ असं म्हणालं कोण?

पाणी प्यावं गाळून, गुरू करावा पारखून, असं आपले जुने लोक सांगत. पाणी गाळून, उकळून प्यायला आपल्या जामखेड भागातल्या आरोग्य सेविकांनी घरोघर फिरून आपल्याला शिकवलं. दुसरं अर्धं मात्र आपण अजून शिकतोच आहोत. आणि मला वाटतं, ते शिकायलाही याच सेविकांकडे जावं लागेल. कसं ते सांगतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघंही ख्रिस्ती. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी आपल्याच जिल्ह्यात वडाळा मिशनच्या दवाखान्यात काम केलं, मग अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत आले ते या कोरडवाहू तालुक्यात. त्या काळी इथे जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. डॉक्टर दोन, गावं कितीतरी. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. त्या पोरी बाहेरच्या, वयानं लहान. गावाचा त्यांच्यावर विश्वास बसेना आणि त्यांचाही जीव गावात रमेना. तेव्हा गावालाच सांगण्यात आलं: तुमच्यातली एक बाई तुम्ही निवडा, शिकवायचं काम आमचं.

क्षणभर त्या बैठकीचा विचार करा. पारावर गाव बसलं आहे. प्रश्न शिक्षणाचा नाही, कारण शिक्षणाची अटच नाही. प्रश्न भाषण कुणाला येतं हाही नाही. प्रश्न एवढाच की आपल्या सुनेचं पोट रात्री दोनला दुखायला लागलं तर आपण कुणाच्या दारावर थाप मारू? कोण उठेल? कुणाला घरातलं दुखणं सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर होणार नाही? गावाला ही उत्तरं पाठ असतात. कुणाचा हात हलका, कुणाची जीभ सैल, कोण वाट्याची भाकरी देऊन जातं, हे वीस-पंचवीस वर्षं शेजारी राहिल्यावर लपत नाही. आणि अशा रीतीनं ज्या बाया पुढे आल्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवलं, कुष्ठरोग्याला घरात ठेवून घ्यायला घरच्यांना भाग पाडलं. अर्भकं मरायची थांबत गेली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो वैद्यकशास्त्रासाठी नव्हता, समाजाला नेतृत्व दिल्याबद्दल होता. म्हणजे पुढारी घडवण्याबद्दलच म्हणा ना.

मंडळीत बसून या गोष्टीकडे पाहिलं की मला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवतो. तिथेही सुरुवात तक्रारीनं होते. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्न वाटलं जात होतं आणि ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा त्या वाटपात मागे राहत होत्या. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी काय केलं? तक्रार दाबली नाही. तक्रार करणारे अविश्वासू आहेत असं म्हटलं नाही. आपल्या मर्जीतली सात नावंही जाहीर केली नाहीत. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातून सात जण तुम्ही शोधा. चांगलं नाव असलेले, पवित्र आत्म्यानं आणि शहाणपणानं भरलेले. निवड लोकांनी केली, हात प्रेषितांनी ठेवले. क्रम लक्षात घ्या. आधी मंडळीची पारख, मग दीक्षेचा हात.

आणि ती सात नावं एकदा घरी जाऊन मोठ्यानं वाचा. स्तेफन, फिलिप, प्रोखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातच्या सात नावं ग्रीक आहेत. शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात बाहेरून आलेला. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर बसवली! हिब्रू बोलणाऱ्या बहुसंख्याकांनी स्वतःच्या हातातला पळा काढून त्यांच्या हातात दिला. मला वाटतं, निवडणुकीच्या इतिहासात याच्याइतका धाडसी ठराव क्वचितच झाला असेल.

जामखेडला हेच झालं. १९७२च्या दुष्काळात कूपनलिका खोदताना आरोळ्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. ज्यांना गावाच्या विहिरीवर येऊ देत नव्हते, त्यांच्या दारात गावाला पाण्यासाठी यावं लागलं. सेविका निवडतानाही तेच. ज्या बाईला गावानं कधी ओट्यावर बसवलं नव्हतं, तिच्या हातात गावानं आपल्या सुनेचं बाळंतपण दिलं. पारख करायची तर ती खालच्या पंक्तीत बसून करावी लागते. माणूस अध्यक्षांशी कसा बोलतो हे पाहून काही कळत नाही. तो चर्च झाडणाऱ्या बाईशी कसा बोलतो, ऊसतोडीहून परत आलेल्या कुटुंबाकडे प्रार्थनेला जातो का, गेला तर खाली बसतो का खुर्ची मागतो, हे पाहिलं तर बरंच कळतं.

आता पौलाकडे येऊ. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची जी यादी आहे, ती आपण दीक्षाविधीच्या दिवशी वाचतो आणि कपाटात ठेवतो. ती यादी वाचताना कधी हे जाणवलं का, की तिच्यात मोठं असं काहीच नाही? दारूबाज नसावा. मारामारी करणारा नसावा. भांडखोर नसावा. पैशाचा लोभी नसावा. पाहुण्याला घरात घेणारा असावा. घर नीट चालवणारा असावा. सगळ्या यादीत विशेष देणगी म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, शिकवता आलं पाहिजे. स्वप्नं पडावीत, दृष्टान्त व्हावेत, हात ठेवला की माणसं खाली पडावीत, यातलं अक्षरही पौलानं लिहिलेलं नाही. अन्य भाषा आणि चमत्कार त्याला ठाऊक नव्हते असं नाही. करिंथच्या मंडळीला त्यावर त्यानं अध्यायच्या अध्याय लिहिले. पण पुढारी निवडायचा म्हटल्यावर त्यानं माणसाचं घर बघायला सांगितलं.

आणि यादीच्या शेवटी एक अट आहे, जिच्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. बाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिली पाहिजे. बाहेरचे म्हणजे जे आपल्या मंडळीत नाहीत ते. जामखेडच्या बाजारात किराणा दुकानदार असतो, त्याच्याकडे उधारीची वही असते. शेजारचं मुसलमान कुटुंब असतं, मुलांचे शिक्षक असतात, घरमालक असतो. पाळक बोलावण्याआधी आपल्यापैकी कुणी कधी त्याच्या आधीच्या गावी जाऊन किराणा दुकानदाराला विचारलं आहे? आपण शिफारसपत्रं मागतो. शिफारसपत्र तो ज्याच्याकडून मागेल तो चांगलंच लिहून देणार. एसटीनं जा, बाजारपेठेत चहा प्या, आणि दुकानदाराला विचारा, साहेबांचा व्यवहार कसा होता? एका तासात तुम्हाला जे कळेल ते दहा प्रवचनं ऐकून कळणार नाही.

घराची साक्ष आणखी अवघड, कारण ती बाहेर येत नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचं भाग्य असं की एका थोर धर्मपुरुषाच्या घराची साक्ष आपल्याकडे छापील आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचा. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या नवऱ्याला, रेव्हरंड टिळकांना, देव केलेलं नाही. त्यांचा संताप, त्यांचं घरातली वस्तू उचलून कुणालाही देऊन टाकणं, बाप्तिस्म्याच्या वेळी बायकोवर कोसळलेलं आभाळ, सगळं लिहिलं आहे. आणि तरीही पुस्तक संपतं तेव्हा रेव्हरंड टिळकांबद्दलचा आपला आदर वाढलेला असतो. का? कारण त्या घरात दोन तोंडं नव्हती. बाहेर दान सांगणारा माणूस घरातही देतच होता, घराला परवडेना इतकं देत होता. बाहेर जातिभेद मोडायला सांगणारा घरातही कुणालाही पंगतीला बसवत होता. दोष होते, पण उघडे होते. निर्दोष माणूस शोधू नका, तो मिळणार नाही. ज्याचे दोष त्याच्या घरच्यांना निर्भयपणे बोलता येतात, तो शोधा. ज्याच्या घरात बायको-मुलं पाहुणा आला की गप्प होतात, त्या घराबाबत सावध राहा.

टिळकांचीच आणखी एक गोष्ट. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या वेळी ते काही अनोळखी तरुण नव्हते. कवी होते, संस्कृतचे जाणकार होते, वक्ते होते. आजचा काळ असता तर पुढच्याच महिन्यात त्यांचे फलक लागले असते, बाजूला मोठा फोटो, खाली फोन नंबर. पण नगरला त्यांना शिकवायचं काम मिळालं, आणि दीक्षा मिळाली १९०४ साली. मध्ये नऊ वर्षं गेली. एवढ्या बुद्धीच्या माणसाला मंडळीनं नऊ वर्षं जवळून पाहिलं. नवशिका नसावा, नाहीतर गर्वानं फुगेल, असं पौलानं सांगितलं आहे. कुणावर घाईनं हात ठेवू नकोस, हेही त्यानंच तीमथ्याला बजावलं. आपण मात्र कालपर्यंत गावगुंड असलेला माणूस आज साक्ष द्यायला उभा राहिला की त्याला परवा व्यासपीठ देतो. त्याचं बदलणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. देवानं त्याला खरोखर हात दिला असेल. पण कोवळ्या रोपावर मांडव घालत नाहीत. त्यात रोपाचंही नुकसान आहे.

आता पैशाविषयी. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण आपल्या मंडळ्या जिथे मोडल्या तिथे बहुतेक ठिकाणी मुळाशी पैसा आणि जमीन सापडते.

पहिल्या-दुसऱ्या शतकातलं एक छोटं पुस्तक आहे, ‘डिडाखे’, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला त्याचं हस्तलिखित सापडलं. त्या काळी फिरते प्रेषित आणि संदेष्टे गावोगाव यायचे, आणि गरीब मंडळ्यांना कळेना की यातला खरा कोण. त्या पुस्तकात त्यांना अगदी साध्या खुणा दिल्या आहेत. आलेला प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात येऊन जेवणाचं ताट मांडायला सांगितलं आणि स्वतःच त्यावर बसून जेवला, तर तो खोटा. दुसऱ्या गरजूसाठी मागितलं तर मात्र त्याला दोष देऊ नका. किती शहाणी माणसं होती ती! त्यांनी ईश्वरविज्ञानाची परीक्षा घेतली नाही. ताट कुणासाठी वाढलं आणि ते खाल्लं कुणी, एवढंच बघितलं. यहेज्केल संदेष्ट्यानं हेच शेकडो वर्षं आधी सांगितलं होतं, कळपाची चरबी खाणारे, लोकर पांघरणारे आणि आजारी मेंढराकडे ढुंकून न पाहणारे मेंढपाळ.

आणि हे बोलताना मला चौंडी आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याच तालुक्यातलं गाव. अहिल्याबाई होळकरांचा जन्म तिथला, आणि आज आपला जिल्हा त्यांच्या नावानं ओळखला जातो. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण पुढाऱ्यानं पैसा कसा हाताळावा हे त्यांच्याकडून ख्रिस्ती माणसानं शिकायला काहीच हरकत नाही. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. देशभर जी मंदिरं, घाट, धर्मशाळा त्यांनी बांधल्या, त्या दानधर्माचा खर्च खासगीतून झाला. रयतेच्या पैशावर आपलं पुण्य उभं केलं नाही. आज आपल्या किती मंडळ्यांमध्ये मंडळीचं खातं आणि पाळकाचं खातं वेगळं आहे? दान फोनवरून जातं तेव्हा ते कुणाच्या नावाच्या खात्यात जातं, हे आपण कधी वाचून पाहतो का? बायबल उघडून संदेश तपासणारे बिरुयाचे लोक आपल्याला आवडतात. पासबुक उघडून पाहणाराही त्याच जातीचा विश्वासी आहे.

महाराष्ट्रात आपल्या बहुतेक मंडळ्या सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्यांची नोंद असते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. कितीतरी ठिकाणी हे वर्षानुवर्षं होत नाही. मेलेल्या विश्वस्तांची नावं नोंदवहीत तशीच राहतात, आणि मग एके दिवशी मिशनची जमीन विकायला निघते आणि आपण हळहळतो. विचारणाऱ्याला लोक सांगतात, देवाच्या कामात कोर्टकचेरी कशाला? मी विचारतो, देवाच्या कामात हिशेब लपवायची गरज कशाला पडावी? पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती न्यायला मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. कुणी बोट दाखवू नये म्हणून. तो पौल होता, तरीही.

दुसरी एक गोष्ट जामखेडमध्ये उभं राहून न बोलणं मला पाप वाटेल. हल्ली प्रार्थनेनं आजार बरे करणारे पुष्कळ झाले आहेत. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावा. याकोबाच्या पत्रात ते सांगितलंच आहे. पण त्याच नव्या करारात लूक वैद्य आहे आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. त्याच पौलानं तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, ‘प्रार्थना कमी पडली’ असं म्हटलं नाही. जो तुम्हाला क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगतो, साखरेच्या रुग्णाला इन्शुलिन टाकून द्यायला सांगतो, झटके येणाऱ्या पोरीला दवाखान्याऐवजी उपासाला बसवतो, त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याच्या पाठीमागे कितीही गर्दी असू द्या. ज्या तालुक्यात दोन ख्रिस्ती डॉक्टरांनी आपलं सगळं आयुष्य लेकरं जगवण्यात घालवलं, त्या तालुक्यात ख्रिस्ताचं नाव घेऊन औषध बंद करायला लावणं हा त्या नावाचाच अपमान आहे. चमत्कार तिथे नमस्कार ही म्हण आपल्या अंगात फार खोल मुरली आहे. येशूनं स्वतः पर्वतावर सांगितलं की त्याच्या नावानं अद्भुत कामं केल्याचं सांगणारे पुष्कळ येतील आणि तो त्यांना ओळखणार नाही. झाड ओळखायचं ते फळांवरून.

जातीबद्दलही स्पष्ट बोलू या. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले आपले पणजे-खापरपणजे बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. ते ख्रिस्ताकडे आले त्यात माणूस म्हणून उभं राहण्याची ओढ होती. आणि आज पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत आपण काय करतो? कोण कुणाकडचा हे आधी बघतो, मग भावकी मोजतो, मग पॅनल उभं करतो. सोयरिकीला जे विचारतो तेच पाळकाला विचारतो. शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा त्यालाही थोरला अलीयाब पाहून वाटलं, हाच राजा. उंच, देखणा. देवानं त्याला थांबवलं. सात मुलं पुढून गेली, आणि ज्याला बापानं बोलावलंसुद्धा नव्हतं तो रानात मेंढरं राखत होता. आपल्या मंडळीतला दावीद कुठल्या वस्तीत आहे, हे आपण शोधलं तरी का? आणि तो दावीद बाई असू शकते, हेही इथे सांगायला हवं. जामखेडच्या गावांनी निवडलेल्या त्या सेविका सगळ्या बायाच होत्या.

इथे कॅथॉलिक बंधुभगिनीही बसले आहेत. त्यांच्या मनात येईल, आम्हाला फादर बिशप पाठवतात, निवड आमच्या हाती कुठे? आपल्याकडेही पाळकांच्या बदल्या बिशपच करतात. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं तेव्हा त्याची रीत अशी होती की पाळकाला बोलावण्याचा हक्क मंडळीचा. १९७० साली, म्हणजे आरोळे जामखेडला आले त्याच वर्षी, त्यातल्या बऱ्याच मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये गेल्या आणि रीत बदलली. त्या रीतीचेही फायदे आहेत. गावातल्या दोन गटांच्या भांडणात पाळक चिरडला जात नाही. पण नेमणूक कुणीही केली तरी कुणाच्या मागे जायचं हे रोज आपणच ठरवतो. कुणाचा व्हिडिओ पुढे पाठवायचा, कुणाच्या उपासना-सभेला गाडी करून जायचं, लेकरांना कुणाच्या हाती सोपवायचं, हे बिशप ठरवत नाहीत.

वरचे अधिकारी कुणीही असोत, विवेक आपलाच राहतो, हे पंडिता रमाबाईंनी दाखवलं. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथे त्यांना आश्रय देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या मायेनं आजीबाई म्हणत. त्याच आजीबाईंना आणि मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांना त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून आलेली मी, माझा विवेक दुसऱ्याच्या हाती गहाण ठेवणार नाही. परक्या देशात, त्यांच्याच आश्रयाला असलेली, लहान मुलगी कडेवर असलेली विधवा बाई! तिनं प्रेम सोडलं नाही आणि प्रश्नही सोडला नाही. आज्ञा पाळण्याची ही ख्रिस्ती रीत मला फार मोलाची वाटते.

आणखी एक मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. निवड एका दिवसात संपत नाही. त्या आरोग्य सेविका दर आठवड्याला जामखेडला यायच्या. गावात काय झालं ते सांगायच्या, चुकलेलं बाळंतपण मांडायच्या, एकमेकींकडून शिकायच्या, नवीन शिकून परत जायच्या. अशी वर्षामागून वर्षं. म्हणून त्या टिकल्या. आपण पाळकाला मंचावर बसवतो आणि मग त्याला एकटं सोडतो. त्याला विचारणारं कुणी नाही, शिकवणारं कुणी नाही, रागावणारं कुणी नाही, धीर देणारंही कुणी नाही. अशा एकटेपणात चांगली माणसंसुद्धा बिघडतात. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा थांबला तेव्हा पौलानं सगळ्यांसमोर त्याला अडवलं. पेत्राला अडवलं! आणि मंडळी फुटली नाही. पेत्राचं मोठेपण कमी झालं नाही.

वडिलांवर आरोप आला तर दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकू नकोस, असं पौल तीमथ्याला सांगतो. हे वाक्य पुष्कळदा ढाल म्हणून पुढे करतात. पण पुढचं वाक्य वाचत नाहीत: जे पाप करत राहतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दे. आणि एखाद्या बाईनं, एखाद्या लेकरानं येऊन सांगितलं की माझ्यावर हात टाकला, तर तिथे कमिटी भरवून मिटवामिटवी करायची नाही. लेकराच्या बाबतीत २०१२चा पॉक्सो कायदा आहे. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. साक्षीदार दोन हवेत म्हणून पोरीला परत पाठवणाऱ्या मंडळीला मी मंडळी म्हणणार नाही. मेंढपाळाची अब्रू वाचवायला कोकरू लांडग्याला द्यायचं, हे येशूनं कुठे शिकवलं?

आता दुसरी बाजू, म्हणजे आपण काय देणं लागतो ते. योथामानं सांगितलेली झाडांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. झाडं राजा शोधायला निघाली. जैतून नाही म्हणालं, अंजीर नाही म्हणालं, द्राक्षवेल नाही म्हणाली. शेवटी काटेरी झुडूप हो म्हणालं. आपण या गोष्टीत झुडपाला नावं ठेवतो. मला मात्र वाटतं, जैतून का नाही म्हणालं याचाही विचार करावा. ज्यांच्याकडे द्यायला तेल आहे, फळ आहे, ती माणसं आपल्या मंडळीत पुढे यायला का कचरतात? कारण आपण पाळकाचं मानधन तीन-तीन महिने थकवतो आणि नाताळात त्याच्याकडून मिठाईची अपेक्षा ठेवतो. त्याच्या बायकोला बिनपगारी नोकर समजतो. त्याच्या मुलांच्या मार्कांची चर्चा करतो. रजा मागितली तर कपाळाला आठ्या घालतो. चांगला माणूस मिळावा असं वाटत असेल तर चांगल्या माणसाला राहता येईल असं घर आधी तयार ठेवावं लागतं.

येत्या काळात आपल्यापैकी काही मंडळ्यांमध्ये नवीन कमिट्या निवडल्या जातील, काही ठिकाणी नवीन पाळक येतील. माझी एवढीच विनंती आहे. त्याआधी एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी थांबा. म्हाताऱ्या विधवांना पुढे बसवा, कामावरून आलेल्या पोरांना बसवा, आणि त्यांना विचारा की गेल्या वर्षभरात तुमच्या अडचणीला कोण आलं. जी नावं येतील ती लिहून घ्या. त्यांतली काही नावं तुमच्या यादीत आधी नसतील. त्या माणसांच्या घरी जा, त्यांच्या घरच्यांशी बोला, शेजाऱ्यांशी बोला. त्यांनी नाही म्हटलं तर पुन्हा जा. आणि ज्यानं आपलं नाव स्वतःच पुढे केलं असेल, त्याच्या आधीच्या गावी कोण जाणार आणि कधी, हे त्याच बैठकीत ठरवा. प्रवासाचा खर्च मंडळीच्या खात्यातून करा आणि पावती लावा.